कामरगावात लिहिलेलं, पुण्यात चालणारं

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं गाव. खरिपात सोयाबीन, तूर, कपाशी, रब्बीत हरभरा. माल विकायचा म्हटलं की पहिलं नाव कारंजा बाजार समितीचं. या गावात राहून मी एक छोटं काम उभं केलं आहे: रोज संध्याकाळी आसपासच्या बाजार समित्यांचे भाव गोळा करायचे आणि शेतकऱ्यांच्या टेलिग्राम गटावर मराठीत पाठवायचे. कोड मी लॅपटॉपवर, व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये लिहितो आणि तिथूनच क्लाउडवर चढवतो. तो चालतो मात्र मायक्रोसॉफ्टच्या पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये, तोही दिवसाकाठी काही सेकंद.

या पद्धतीला सर्व्हरलेस म्हणतात. इथे चोवीस तास चालणारं यंत्र भाड्यानं घ्यावं लागत नाही. आपण फक्त एक फंक्शन लिहून द्यायचं. ठरलेली वेळ झाली किंवा कुणाची विनंती आली, की क्लाउड कंपनी ते आपल्या यंत्रावर चालवते आणि तेवढ्याच वेळाचे पैसे लावते. पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट शिकून झालं, पण आता गावात बसून त्याचं करायचं काय, असं विचारणारी मुलंमुली मला भेटतात. हे बोल त्यांच्यासाठी आहेत.

१. आधी गावातला प्रश्न निवडा, मग क्लाउड

सप्टेंबर संपत आला की सोयाबीनची काढणी सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे बाजारात आवक वाढते. तुरीची गर्दी त्यानंतर, हिवाळा सरताना. म्हणजे भावाच्या चौकशीला हंगाम असतो. हंगामात गटावर दिवसभर एकच प्रश्न फिरतो, "भाऊ, आज काय भाव निघाला?" एरवी आठवडेच्या आठवडे कुणी विचारत नाही.

अशा कामासाठी वर्षभर सर्व्हर चालू ठेवणं परवडत नाही. सोयाबीन काढायला प्रत्येक शेतकरी स्वतःचा थ्रेशर विकत घेत नाही. हंगामात बोलावतो आणि कट्ट्यामागे पैसे देतो. सर्व्हरलेसचा हिशेब तसाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील सर्व्हरलेस सेवेच्या, म्हणजे अॅझ्युअर फंक्शन्सच्या, कन्झम्प्शन योजनेत दरमहा पहिल्या १० लाख वेळा चालण्याला आणि ४ लाख जीबी-सेकंदांना पैसे पडत नाहीत. अॅमेझॉनच्या अशाच सेवेची, एडब्ल्यूएस लॅम्डाची, मोफत मर्यादाही तेवढीच. एक जीबी मेमरी एक सेकंद वापरली की एक जीबी-सेकंद. माझं फंक्शन पाव जीबी मेमरीत दहा सेकंद चाललं, तर दिवसाला अडीच आणि महिन्याला पाऊणशे जीबी-सेकंद होतात. साठवण आणि लॉग यांचा आकार वेगळा, पण तोही या प्रमाणात किरकोळच.

गावाचं काम हंगामी असतं आणि हे तंत्र हंगामाशी जुळतं. माझ्या मते, खेड्यातल्या होतकरूंनी सर्व्हरलेस शिकावं याचं सगळ्यात भक्कम कारण हेच.

२. कच्चा माल डोळ्यांनी बघा

भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात. नाव नोंदवून स्वतःची चावी घ्यावी लागते. उत्तरात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर अशा नोंदी येतात. दर क्विंटलचा असतो.

कोड लिहिण्यापूर्वी ही नोंद मी नीट वाचतो, कारण खाचाखोचा तिच्यातच असतात. तिथं सोयाबीनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'वाय'नंतर एक 'ए' येतो. तूर सापडते ती 'अरहर' या नावाखाली. तारीख दिवस, महिना, वर्ष अशा क्रमानं येते. अमेरिकी पद्धतीनं वाचली तर ३ नोव्हेंबरचा ११ मार्च होतो. काही दिवशी एकाच शेतमालाच्या दोन वाणांच्या दोन ओळी असतात, काही दिवशी एकही नसते. माहिती बघितल्याशिवाय लिहिलेला कोड पहिल्या आठवड्यातच अडतो.

३. एडिटर एकदा नीट लावा

मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल स्टुडिओ कोड एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला. तो फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही नीट चालतो. त्यात अॅझ्युअर फंक्शन्सचं एक्स्टेन्शन टाकलं की भाषा कोणती, फंक्शन कशानं जागं व्हायचं, ठरलेल्या वेळेनं की वेब विनंतीनं, एवढं विचारून ते प्रकल्पाचा सांगाडा तयार करून देतं. अॅमेझॉनसाठी एडब्ल्यूएस टूलकिट नावाचं असंच एक्स्टेन्शन आहे.

लॅपटॉपची मेमरी बेताची असेल तर एक फरक लक्षात घ्या. अॅमेझॉनची एसएएम ही साधनं आपल्या यंत्रावर फंक्शन चालवायला डॉकर मागतात आणि डॉकरला मेमरी बरीच लागते. अॅझ्युअरच्या कोअर टूल्सना डॉकर लागत नाही. मी सुरुवात अॅझ्युअरनं केली ती एवढ्याचसाठी. दोन्हींत कमीजास्त ठरवायचा हेतू त्यात नव्हता. आणि ही डाउनलोडं नेट चांगलं असेल त्या दिवशी एकदाच उरकून घ्या. एक्स्टेन्शन, पायथॉन, कोअर टूल्स आणि लागणाऱ्या लायब्ररी यंत्रावर आल्या की पुढचं बरंचसं काम नेटशिवाय होतं.

४. क्लाउडवर चढवण्याआधी घरी पूर्ण चालवा

एफ-५ दाबलं की फंक्शन आपल्याच लॅपटॉपवर सुरू होतं. हव्या त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून प्रत्येक चलात काय आहे ते बघता येतं. अॅझ्युराइट नावाचं साधन क्लाउडमधल्या साठवणीची नक्कल घरच्या घरी करतं. त्यामुळे रांगेत संदेश टाकणं, तो उचलणं, नोंद लिहिणं हे सगळं एकही पैसा न खर्चता तपासता येतं.

माझी पद्धत अशी: एपीआयकडून आलेली खरी उत्तरं फाइलींमध्ये साठवून ठेवायची. एक भरल्या बाजाराच्या दिवसाचं, एक रविवारचं, एक दिवाळीतलं, एक अर्धवट नोंदींचं. कोडमध्ये बदल केला की या सगळ्या फाइलींवर चाचणी चालवायची. गावात वीज गेली आणि टॉवरही बंद पडला, तरी बॅटरीवर ही चाचणी पूर्ण होते. शहरातल्या कार्यालयात ही शिस्त कुणाला जास्तीची वाटेल. इथं तिच्याशिवाय काम पुढं सरकत नाही.

५. चाव्या आणि बदलणारे आकडे कोडबाहेर ठेवा

गटावर संदेश टाकतो तो टेलिग्रामचा बॉट, आणि त्याचं टोकन म्हणजे त्या बॉटचा पूर्ण ताबा. ते ज्याच्या हाती लागलं तो आपल्या नावानं गटावर काहीही पाठवू शकतो. म्हणून टोकन कोडमध्ये लिहायचं नाही. अॅझ्युअरच्या प्रकल्पात लोकल सेटिंग्जची एक वेगळी जेसन फाइल असते. ती गिटमध्ये जाऊ द्यायची नाही. कोड चढवताना ती आपोआप क्लाउडवर जात नाही, हेही माहीत हवं. तिथल्या सेटिंग वेगळ्या भराव्या लागतात किंवा एडिटरमधून मुद्दाम चढवाव्या लागतात. "माझ्याकडे चालतं, क्लाउडवर चालत नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्या नवख्यांची अडचण पुष्कळदा इथंच सापडते. टोकन कुठं उघडं पडल्याची शंका जरी आली, तरी टेलिग्रामच्या बॉटफादरकडून ते रद्द करून नवं घ्यावं.

हमीभावाचंही तसंच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. तुरीचा ७,५५० वरून ८,००० वर गेला. बाजारभाव हमीभावाच्या किती खाली किंवा वर आहे हे आमच्या संदेशात असतं. हा आकडा सेटिंगमध्ये असल्यानं दरवर्षी कोडला हात लावावा लागत नाही.

६. घड्याळ कुणाचं, ते आधी विचारा

क्लाउडमधली यंत्रं बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं. अॅझ्युअरवर पायथॉन लिनक्सवर चालतं आणि कन्झम्प्शन योजनेत त्या लिनक्सचं घड्याळ बदलता येत नाही. संध्याकाळी सातला संदेश जायचा असेल तर वेळापत्रकात दुपारचे दीड लिहायचे. अॅझ्युअरच्या या नोंदीत सहा आकडे असतात आणि पहिला सेकंदांचा असतो: सेकंद शून्य, मिनिट तीस, तास तेरा. पाच आकड्यांची जुनी युनिक्स सवय असलेला माणूस इथं हमखास गोंधळतो. अॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिज शेड्युलरमध्ये २०२२ पासून कोलकात्याची वेळ थेट सांगता येते. भारतात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात मागंपुढं होत नाहीत, त्यामुळे एकदा केलेली ही वजाबाकी वर्षभर टिकते.

'आज' ही तारीखही तपासून घ्या. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत कालचाच दिवस चालू असतो. पहाटे चालणारं काम असेल तर तारीख भारतीय वेळेनंच काढावी.

७. तेच काम पुन्हा येईल असं धरून लिहा

माझं काम दोन फंक्शनांत विभागलेलं आहे. पहिलं भाव आणतं आणि प्रत्येक बाजाराचा एक संदेश रांगेत टाकतं. दुसरं रांगेतून संदेश उचलून टेलिग्रामकडे देतं. एका बाजाराचा संदेश अडला तरी बाकीचे जातात, ही या विभागणीची सोय.

रांगेतला संदेश पार पडला नाही तर अॅझ्युअर तो पुन्हा देतं. पाच प्रयत्नांनंतर बाजूच्या 'पॉयझन' रांगेत टाकतं. लॅम्डाही उत्तराची वाट न बघता सोपवलेलं काम फसलं तर आणखी दोनदा करून बघतं. बॉटला आलेले निरोप टेलिग्राम आपल्या फंक्शनच्या ज्या पत्त्यावर पाठवतं त्याला वेबहुक म्हणतात; तिथून होकार मिळाला नाही तर तेही तीच विनंती परत पाठवतं. हा पुनःप्रयत्न आपल्या भल्याचा आहे, पण त्यामुळे एकच भाव गटावर तीनदा जाऊ शकतो. यावर इलाज असा: तारीख, बाजार आणि शेतमाल मिळून एक खूण बनवायची, पाठवल्यावर ती टेबलमध्ये नोंदवायची आणि पाठवण्याआधी ती तिथं आहे का ते बघायचं. टेलिग्रामकडून येणाऱ्या प्रत्येक विनंतीला तिचा क्रमांक असतो. तिथं तोच खूण म्हणून वापरता येतो. पैशाच्या कामात तर याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

८. डिप्लॉय म्हणजे जुन्याच्या जागी नवं

एडिटरमधलं डिप्लॉयचं बटण दाबलं की आधीचा कोड पुसला जाईल अशी सूचना येते. ती शब्दशः खरी असते. म्हणून मी एकाच कामाची दोन फंक्शन अॅप ठेवली आहेत: एक चाचणीचं, ज्याचा संदेश फक्त मला येतो, आणि एक खरं. बदल आधी चाचणीवर जातो, एक संध्याकाळ तिथं चालतो, मगच खऱ्यावर.

नवं अॅप बनवताना ठिकाण स्वतः निवडा. अॅझ्युअरचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे. अॅमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ पासून चालू आहे. माहिती देशात राहते आणि उत्तरही लवकर येतं. मोबाइलच्या नेटवरून चढवायचं असेल तर लायब्ररींचा गठ्ठा घरून पाठवू नका. रिमोट बिल्ड निवडलं की आपला थोडासा कोड आणि लायब्ररींची यादी तेवढी जाते. बाकीची जुळवाजुळव तिकडेच होते.

सुरुवातीला एडिटरमधून थेट चढवणं चांगलं, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते. दुसरा माणूस कामात आला की मात्र गिटमध्ये जे आहे तेच चढेल अशी व्यवस्था लावावी. कुणाच्या लॅपटॉपवरची कुठली आवृत्ती चालू आहे, हा प्रश्नच मग राहत नाही.

९. दारं मोजकी उघडा, खर्चावर नजर ठेवा

वेब विनंतीनं जागं होणाऱ्या फंक्शनला 'अनामिक' परवानगी दिली तर जगातला कुणीही ते चालवू शकतो. टेलिग्रामचं वेबहुक लावताना एक गुप्त शब्द ठरवता येतो. प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये तो येतो आणि तो जुळला नाही तर विनंती नाकारायची. फंक्शनला साठवणीची परवानगी देतानाही त्याला लागेल तेवढीच द्या. भाव वाचणाऱ्या फंक्शनला नोंदी पुसण्याची मुभा कशाला?

बजेटची सूचना पहिल्याच दिवशी लावा, आणि ती फक्त सूचना असते हे ध्यानात ठेवा. काम आपोआप थांबत नाही. सगळ्यात महाग पडते ती न संपणारी साखळी: फाइल आली की जागं होणारं फंक्शन त्याच जागी नवी फाइल लिहितं आणि स्वतःलाच पुन्हा जागं करतं. वाचायची आणि लिहायची जागा वेगळी ठेवली की हा धोका उरत नाही. अॅमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये लॉग मुदत न घालता ठेवले तर कायमचे साठत राहतात, म्हणून मुदत ठरवा. आणि लॉगमध्ये शेतकऱ्यांचे फोन नंबर येऊ देऊ नका. २०२३ साली देशात व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तो नसता तरी गावानं विश्वासानं दिलेला नंबर जपणं हे आपलं कामच आहे.

१०. संदेश वाचणाऱ्याचा विचार शेवटपर्यंत करा

इतकी यंत्रणा चालते ती चार ओळींसाठी. बाजार, तारीख, शेतमाल, किमान-कमाल-सर्वसाधारण दर. शेतकरी तो संदेश उन्हात, हातातलं काम थांबवून वाचतो. म्हणून आकडा आधी, शब्द नंतर. त्या दिवशी नोंद आलीच नसेल तर "आजची नोंद अजून आलेली नाही" असं स्पष्ट लिहायचं. शून्य दाखवायचं नाही आणि कालचा भाव आजचा म्हणून तर मुळीच द्यायचा नाही. या आकड्यावर कुणीतरी गाडी भरायची की थांबायचं ते ठरवत असतं. हर्रासात प्रत्यक्ष मिळणारा भाव मालाच्या ओलाव्यावर आणि प्रतीवर ठरतो, ही ओळही आम्ही कायम ठेवली आहे.

बराच वेळ निजलेलं फंक्शन जागं व्हायला थोडा उशीर लावतं. संध्याकाळच्या भावाला दोन-पाच सेकंदांनी फरक पडत नाही. जिथं प्रत्येक क्षण मोलाचा आहे किंवा काम तासन्तास चालणार आहे, तिथं हे तंत्र वापरू नये. लॅम्डा एका वेळी जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं. अॅझ्युअरच्या कन्झम्प्शन योजनेत कमाल मर्यादा १० मिनिटं.

११. काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असं ठेवा

क्लाउडचं खातं, बॉटचा ताबा आणि एपीआयची चावी एकाच माणसाच्या मोबाइलला बांधलेली असेल, तर तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला की गावाची सेवा बंद पडते. असं होताना मी पाहिलं आहे. म्हणून प्रकल्पासोबत मराठीत लिहिलेली माहितीची फाइल ठेवा: कुठली सेटिंग कशासाठी, वेळापत्रक कुठं बदलायचं, बिल कुठं दिसतं, सेवा थांबली तर आधी काय बघायचं. ती वाचून बारावीतल्या विद्यार्थ्याला चाचणीचं अॅप स्वतः चढवता आलं पाहिजे. नाही आलं तर फाइल पुन्हा लिहा.

हे काम शिकायला शहर गाठावं लागतं, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. एडिटर फुकट आहे, चाचणी घरी होते, पुण्या-मुंबईची यंत्रं सेकंदाच्या हिशेबानं मिळतात आणि कोणता प्रश्न सोडवायचा हे गावात राहणाऱ्यालाच जास्त नेमकं कळतं. पाणीपुरवठ्याची वेळ, गावच्या वाचनालयातली पुस्तकं, बचत गटाच्या हप्त्याची आठवण, यातलं एक काम निवडा. ते एका फंक्शनात मावेल इतकं लहान करा, आधी घरी चालवा, आणि येत्या हंगामाच्या आत गावाच्या हाती द्या.